क्लब निघून जातो तेव्हा



चांगदेवांच्या समाधीच्या या पुणतांबा गावात मी फुटबॉलपटूच्या नोकरीवर बोलायला आलो आहे. विषय मी मुद्दाम निवडला. १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला आणि राज्यभर पोचला. आपल्या घामाचा भाव दुसऱ्यानं ठरवायचा आणि आपण तो मान खाली घालून घ्यायचा, हे आता चालणार नाही, असं या गावानं सांगितलं. त्यामुळे मैदानावरच्या मजुरीची गोष्ट इथल्या माणसांना लवकर कळेल, अशी माझी खात्री आहे.

फुटबॉल म्हटलं की आपल्याला मेस्सी आठवतो, रोनाल्डो आठवतो. मला बोलायचं आहे ते त्यांच्यापासून फार दूर असलेल्या माणसाबद्दल. तो पंधरा-सोळा वर्षं खेळतो, सात-आठ क्लबांचे शर्ट घालतो. कुठे दोन हंगाम, कुठे सहा महिने. त्याच्या नावाचा पुतळा होत नाही. तो बहुधा मधल्या फळीत नाहीतर बचावात असतो. चेंडू हिसकावतो, दुसऱ्याला देतो आणि पुन्हा जागेवर येऊन उभा राहतो. त्याच्यासारख्यांच्या जिवावर कुठलीही लीग चालते. आपण मात्र त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलतो : हा कुठे टिकला नाही. हे वाक्य अन्यायाचं आहे असं मला वाटतं, आणि ते का, हेच आज सांगायचं आहे.

सुरुवात शेजारच्या गावापासून करू. श्रीरामपूरचा झहीर खान आपण सगळे ओळखतो. त्याच्या कारकिर्दीतले मुक्काम मात्र आपण विसरून जातो. श्रीरामपूरहून मुंबई, तिथून चेन्नईची एमआरएफ अकादमी, आणि रणजी सामने बडोद्याकडून. पुढे भारतीय संघातली जागा डळमळीत झाली तेव्हा २००६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायर या कौंटीकडे गेला. त्या एका हंगामात त्यानं प्रथम श्रेणीचे ७८ बळी घेतले आणि तिथून परतला तो वेगळा गोलंदाज होऊन. नंतर तो मुंबईकडून खेळला. २०११ च्या विश्वचषकात आपण पाहिलेला झहीर या मुक्कामांतून घडला. त्याला कुणी टिकला नाही असं म्हणत नाही, कारण तो मोठा झाला. मोठा न झालेला खेळाडू हाच रस्ता चालतो, तेव्हा आपल्याला त्याच्या चालण्यात खोट दिसते.

आता एक इंग्रज खेळाडू घेऊ. तो पुण्यात खेळून गेला आहे, म्हणून त्याची निवड. जर्मेन पेनंट, उजव्या बगलेतून पळणारा मिडफिल्डर. जन्म १९८३, नॉटिंगहॅम. सुरुवात नॉट्स काउंटीत. हा क्लब १८६२ साली स्थापन झालेला, म्हणजे आपल्याकडे १८५७ च्या उठावाला जेमतेम पाच वर्षं झाली होती तेव्हाचा. १९९९ च्या जानेवारीत आर्सेनलनं या मुलासाठी सुमारे २० लाख पौंड मोजले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलावर एवढी किंमत लागली की पुढे त्याला आयुष्यभर त्या आकड्याशी तोलतात. आर्सेनलच्या पहिल्या संघात त्याला जागा फारशी मिळालीच नाही. २००३ च्या मे महिन्यात साउदॅम्प्टनविरुद्ध मिळाली, तेव्हा त्यानं तीन गोल केले. पण संघात आधीच मोठमोठे खेळाडू होते. त्याला वॉटफर्डला लोनवर पाठवलं, लीड्सला पाठवलं आणि शेवटी बर्मिंगहॅमला दिलं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल २००५ साली तो तुरुंगात गेला. सुटल्यावर पायात इलेक्ट्रॉनिक पट्टी बांधून तो बर्मिंगहॅमकडून सामना खेळला. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलनं त्याला घेतलं आणि २००७ साली अथेन्समध्ये एसी मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना तो सुरुवातीपासून खेळला. लिव्हरपूल हरलं, पण पेनंट त्या दिवशी त्यांच्या सर्वांत चांगल्या खेळाडूंपैकी होता. त्यानंतर पोर्ट्समथ, स्पेनमधलं झारागोझा, स्टोक, वुल्व्ह्ज. स्टोककडून २०११ साली एफए कपचा अंतिम सामनाही त्याच्या वाट्याला आला, तोही हरला. आणि २०१४ साली, इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, हा माणूस बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात एफसी पुणे सिटीच्या शर्टात उतरला. फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेला डेव्हिड त्रेझेगे त्याच संघात होता. पुण्याहून पेनंट विगनला गेला, मग सिंगापूरच्या टॅम्पाइन्स रोव्हर्सकडे, मग बरी नावाच्या क्लबात, आणि शेवटी बिलरीकी टाउन या अगदी खालच्या पायरीवरच्या क्लबात.

या यादीतल्या बहुतेक क्लबांना शंभर वर्षं कधीच उलटून गेली आहेत. स्टोक १८६३ चा, बर्मिंगहॅम १८७५ चा, वुल्व्ह्ज १८७७ चा, लिव्हरपूल १८९२ चा. पेनंट आला, गेला. क्लब जागच्या जागी. तो आज नॉटिंगहॅमला गेला तर जिथे खेळायला सुरुवात केली तो क्लब त्याला सापडेल, त्याचं नाव माहीत असलेली माणसं सापडतील. इंग्लंडमधल्या फिरत्या खेळाडूच्या पायाखाली ही जमीन असते. तो फिरू शकतो, कारण क्लब फिरत नाहीत.

या यादीतले दोन क्लब मात्र मोडले, आणि योगायोग असा की दोन्ही एकाच महिन्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये. एक बरी आणि दुसरा एफसी पुणे सिटी. दोन्हीकडे त्या महिन्यात काय घडलं ते शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

बरी हे मँचेस्टरजवळचं कापडगिरण्यांचं गाव. तिथला क्लब १८८५ चा. १९०० आणि १९०३ साली त्यानं एफए कप जिंकला होता. मालकाकडे पैसे नव्हते, खेळाडूंचे पगार थकले होते आणि इंग्लिश फुटबॉल लीगनं निर्वाणीची मुदत दिली होती. कुणीतरी क्लब विकत घेणार अशी आशा शेवटच्या घटकेपर्यंत होती, आणि नवा मालक आला तर मैदान तयार असावं म्हणून गावातले शेकडो लोक झाडू-बादल्या घेऊन गिग लेन स्टेडियम साफ करायला आले. सौदा फिसकटला. २७ ऑगस्टला बरीला लीगमधून काढून टाकलं. लोक स्टेडियमच्या दारात रडले, पण घरी बसले नाहीत. पैसा उभा केला, मैदान परत मिळवलं आणि २०२३ पासून गिग लेनवर पुन्हा बरी एफसी खेळते आहे, खालच्या लीगमध्ये का होईना. बरीसारख्या प्रकरणांवरून ब्रिटनमध्ये इतका गदारोळ झाला की फुटबॉल क्लबांच्या आर्थिक कारभारावर देखरेख करणारं स्वतंत्र नियामक मंडळ हवं, ही मागणी संसदेपर्यंत गेली. २०२५ साली तसा कायदा झाला.

आणि पुणे? मालकांचा मूळ धंदा अडचणीत आला, क्लबाचे हिशेब कोलमडले, आणि लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली. पुण्यातही चाहते होते, ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवणारी मुलं ढोल घेऊन बालेवाडीला यायची. त्यांचं प्रेम बरीकरांपेक्षा कमी होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या हातात होतं काय? मैदान क्लबाचं नव्हतं, सरकारी होतं. सभासदत्व नव्हतं, मत नव्हतं. पाच वर्षांचा क्लब, त्याची मुळं पेठांत गेलेली नव्हती. विधानसभेत त्यावर कुणी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढची गोष्ट आणखी विचार करण्यासारखी आहे. हैदराबाद एफसीनं २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून लीगचं विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात त्यांच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला, नंतर इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी जाऊन आलेला मुलगा. पुण्याचा क्लब पुण्यात राहिला असता, तर तो घरापासून काही तासांच्या एसटीवर खेळला असता. विजेतेपदानंतर दोनेक वर्षांत हैदराबादचेही पगार थकले, खेळाडू निघून गेले, आणि २०२५ साली तोच क्लब दिल्लीला हलवला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. इंग्लंडमध्ये खेळाडू जसा गावोगाव हिंडतो, तसा आपल्याकडे क्लब हिंडला.

मंडळी, माझं म्हणणं हे आहे. इंग्लंडमध्ये खेळाडू क्लब सोडून जातो. आपल्याकडे क्लब खेळाडूला सोडून जातो, आणि वर आपण खेळाडूलाच म्हणतो की तो टिकला नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलू. महिंद्रा युनायटेड हा कंपनीचा संघ, १९६० च्या दशकापासूनचा. कूपरेजवर त्यांचे सामने पाहत मुंबईच्या दोन पिढ्या वाढल्या. २००५-०६ चं राष्ट्रीय लीगचं विजेतेपद त्यांनी मिळवलं, प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीनं संघ बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलवर पैसा खर्च करू, असं कारण दिलं. पुढे एअर इंडियाचा संघ नव्या परवाना नियमांत बसेना म्हणून आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. २००७ साली निघालेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता; तेव्हाही प्रशिक्षक डेरिक परेराच. २०१५ मध्ये तो संपला. त्याच वर्षी पुण्यातलाच भारत एफसी एक हंगाम खेळून बंद झाला. २०१७ मध्ये मुंबई एफसी आय-लीगमधून खाली घसरली आणि मालकांनी गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी थांबला. सात-आठ वर्षांत दोन शहरांतले सहा संघ गेले. मी हे नुसतं वाचून दाखवतो आहे तरी जड वाटतं.

या गळतीत एक माणूस बघा. स्टीव्हन डायस, मुंबईचा, मधल्या फळीतला खेळाडू. उजव्या बाजूनं धाव, आणि फ्री किक घ्यायला पाय असा की चेंडू नेमका सहकाऱ्याच्या डोक्यावर यायचा. महिंद्रा युनायटेडमध्ये तो घडला. भारतानं २००७ आणि २००९ मध्ये नेहरू कप जिंकला, त्या संघांत तो होता. २००८ मध्ये एएफसी चॅलेंज कप जिंकून भारतानं आशियाई कपात जागा मिळवली, त्यातही होता. महिंद्रा बंद झाली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, म्हणजे फुटबॉलपटूच्या आयुष्यातली ऐन भराची वेळ. गोव्याला चर्चिल ब्रदर्सकडे गेला. नंतर दिल्ली डायनामोज, नंतर भारत एफसी. यातला भारत एफसी त्याच्या डोळ्यांदेखत बंद झाला. दिल्ली डायनामोज पुढे ओडिशाला हलली. कुठे टिकला नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

या तालुक्यांत बंद पडलेला साखर कारखाना म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नाही. चिमणी उभी असते, गव्हाणीत गवत वाढतं, आणि फिटरचं काम तीस वर्षं केलेला माणूस पन्नाशीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्यात हंगामी म्हणून लागतो. त्याचं कौशल्य गेलेलं नसतं. ज्या जागी त्याचं नाव होतं, ती जागा गेलेली असते. थकलेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, बोनस या सगळ्यासाठी तो कुणाच्या दारात उभा राहणार? बंद क्लबाच्या खेळाडूचं नेमकं हेच होतं. फरक एवढाच की फिटरला साठीपर्यंत काम मिळू शकतं, खेळाडूचा हंगाम पस्तिशीत संपतो.

आता मी ज्याच्यासाठी इतका वेळ घेतला त्या माणसाकडे येतो. राहुल भेके. मुंबईचा मराठी मुलगा, जन्म १९९० चा. बचावपटू, उजव्या बाजूला खेळतो, मध्यभागीही खेळतो, संघाला जिथे भोक पडलं तिथे उभा राहतो. त्याच्यासारखा खेळाडू विकत घेताना मालक छायाचित्रकार बोलावत नाहीत. पण प्रशिक्षकाला विचारा, तो संघ लिहायला बसला की असं नाव आधी लिहितो.

भेकेची सुरुवातीची उमेदवारी मुंबई एफसीत झाली. तिथे प्रशिक्षक होते खालिद जमील. जमील स्वतः महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळलेले मिडफिल्डर. तिन्ही संघ आज नाहीत. २०१४ मध्ये भेके कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेला. त्या काळी आपल्याकडे दोन लीग शेजारी शेजारी चालत. सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर, अडीच महिन्यांची, आय-लीग त्यानंतर. त्यामुळे खेळाडू वर्षातले काही महिने एका शर्टात आणि उरलेले दुसऱ्या शर्टात. २०१५ मध्ये मुंबईत सुपर लीगनं काही निवडक भारतीय खेळाडूंचा लिलाव केला. सुनील छेत्रीवर १ कोटी २० लाखांची बोली लागली. मेघालयचा मिडफिल्डर युजिनसन लिंगडोह १ कोटी ५ लाखांना पुण्याकडे आला. बाकीच्यांची वाटणी बोलीशिवाय झाली. भेके त्या बाकीच्यांतला. २०१५ ला तो केरला ब्लास्टर्सकडून खेळला, २०१६ ला एफसी पुणे सिटीकडून, आणि मधल्या काळात ईस्ट बंगालकडून. कोलकाता, कोची, पुणे. प्रत्येक ठिकाणी नवा प्रशिक्षक, नवी भाषा, नवी खोली, आणि पहिल्या पंधरा दिवसांत सिद्ध करायचं की आपण उपयोगी आहोत.

२०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत गेला आणि तिथे चार वर्षं स्थिर झाला. स्थिरता मिळाल्यावर काय झालं ते बघा. १७ मार्च २०१९, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना, समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटं गोलशून्य, जादा वेळही संपत आलेला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, भेकेनं डोकं लावलं आणि बेंगळुरू विजेता झाला. आपल्याच शहरात, परक्या शहराच्या संघासाठी. त्यानंतर जूनमध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला. वय अठ्ठावीस. या वयात पेनंटच्या नावावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना जमा होता.

२०२१ मध्ये तो मुंबई सिटीत, म्हणजे घरी परतला. ११ एप्रिल २०२२ ची तारीख भारतीय फुटबॉलच्या इतिहासात राहील. रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना, समोर इराकचा विजेता एअर फोर्स क्लब. मुंबई पिछाडीवर. दिएगो मॉरिसिओनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि काही मिनिटांनी कॉर्नरवर भेकेचं हेडर. दोन-एक. आशियातल्या क्लबांच्या त्या सर्वोच्च स्पर्धेत भारतीय क्लबानं जिंकलेला तो पहिला सामना. त्या गोलाला देशात जेवढी जागा मिळायला हवी होती त्याचा दहावा हिस्साही मिळाला नाही. ते आयपीएलचे दिवस होते. दोन वर्षांनी, ४ मे २०२४ रोजी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागानच्या हजारो चाहत्यांसमोर मुंबई सिटीनं तीन-एकनं लीगचा अंतिम सामना जिंकला. करंडक उचलणारा कर्णधार भेके होता. त्यानंतर पुन्हा बेंगळुरू. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध, वयाच्या चौतिसाव्या वर्षात, त्याचा भारतासाठी पहिला गोल. तोही डोक्यानंच.

२०२५ च्या जुलैमध्ये सुपर लीग अनिश्चित काळासाठी स्थगित झाली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि पुढचा ठरत नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरू एफसीनं खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. त्याच दिवसांत भारतीय संघाला नवा प्रशिक्षक मिळाला : खालिद जमील. लगेच ताजिकिस्तानात काफा नेशन्स कप ही स्पर्धा होती. ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानविरुद्ध सामना पेनल्टी शूटआउटवर गेला. जमीलनी निवडलेल्या पाच जणांत भेके होता, आणि त्यानं आपली पेनल्टी घातली. भारत जिंकला. मुंबई एफसी हा क्लब आठ वर्षांपूर्वी बंद झाला होता. त्याचा प्रशिक्षक आणि त्याचा बचावपटू ताजिकिस्तानातल्या हिसारच्या मैदानावर एकाच बाजूला उभे होते, आणि त्या खेळाडूच्या क्लबानं महिन्याभरापूर्वीच पगार थांबवलेला होता. या माणसांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणाला आहे, असं मला वाटत नाही.

मग उपाय काय? इंग्लंडमध्येही खेळाडूंना सगळं आयतं मिळालेलं नाही. तिथला इतिहास संपाचा आहे आणि म्हणून तो या गावात सांगायलाच हवा. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती : आठवड्याला २० पौंड. मैदानात साठ हजार माणसं तिकीट काढून बसलेली असली तरी त्यांच्यासमोर पळणाऱ्याला २० पौंडच. शिवाय करार संपला तरी क्लबाची इच्छा नसेल तर खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, आणि त्या काळात क्लबानं पगार दिलाच पाहिजे असंही नव्हतं. खेळाडूंची संघटना १९०७ पासून होती. जिमी हिल तिचा अध्यक्ष झाला, तो फुलॅमचा साधा खेळाडू होता. त्यानं गावोगाव सभा घेतल्या आणि जानेवारी १९६१ मध्ये संपाची तारीख जाहीर केली. संपाच्या तीन दिवस आधी मालक नमले, कमाल मर्यादा गेली.

दुसरी बेडी तोडली जॉर्ज ईस्टहॅमनं. तो न्यूकॅसलचा, मधून आक्रमण रचणारा खेळाडू. १९६० मध्ये त्याचा करार संपला, त्यानं बदली मागितली, क्लबानं नाकारली. ईस्टहॅमनं खेळणंच बंद केलं. दक्षिणेत जाऊन एका परिचिताच्या धंद्यात बूच विकायची नोकरी धरली. इंग्लंडचा आघाडीचा खेळाडू महिनोन् महिने बूच विकत होता. शेवटी त्याला आर्सेनलकडे जाऊ दिलं. तेवढ्यावर तो थांबला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण त्यानं संघटनेच्या मदतीनं न्यूकॅसलवर खटला भरला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला : करार संपलेल्या खेळाडूला असं बांधून ठेवणं ही त्याच्या व्यवसायावर गैरवाजवी बंदी आहे. पेनंटला पुढे डझनभर क्लब फिरता आले, ते या निकालानं उघडलेल्या दारातून. ईस्टहॅम नंतर स्टोकला गेला आणि १९७२ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, लीग कपच्या अंतिम सामन्यात त्यानं विजयी गोल केला.

आपल्याकडे खेळाडूंची संघटना आहे, बायचुंग भुतियानं पुढाकार घेऊन उभी केलेली. थकलेल्या पगारांसाठी ती भांडते. पण इंग्लंडचा खेळाडू ऐंशी-शंभर वर्षं उभ्या असलेल्या क्लबाशी भांडत होता. आपला खेळाडू भांडायला जातो तेव्हा दाराला कुलूप असतं. म्हणून नुसता करार पुरत नाही, क्लबाची मुळं गावात असावी लागतात. याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. हे संघ पेठेचे आहेत. तालमीची इमारत आहे, गणपती आहे, वर्गणी आहे, आजोबा-नातू एकाच संघाचे आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की शहराचे दोन भाग होतात. तिथे खेळाडूला कोटी रुपये मिळत नाहीत आणि भांडणं, हाणामाऱ्याही होतात, ते मी झाकून ठेवणार नाही. पण एखाद्या कंपनीचा ताळेबंद बिघडला म्हणून खंडोबा तालीम दिल्लीला निघून गेली, असं तिथे घडू शकत नाही. अशा तालमीला राष्ट्रीय लीगपर्यंत जाण्याची शिडी आपण कधी बांधून दिली नाही. वरच्या लीगमध्ये जागा विकत घेणाऱ्याला मिळत गेली, आणि कोल्हापूरच्या पोराला खेळायचं तर कोल्हापूर सोडावंच लागलं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण समोर शाळांचे क्रीडाशिक्षक बसलेले दिसतात. फिफाच्या नियमांत अशी तरतूद आहे की खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होऊन पैसे मोजले गेले, तर त्या रकमेचा पाच टक्के भाग तो बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांत वाढला त्यांच्यात वाटला जातो. तो पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हाही त्याला घडवणाऱ्या क्लबांना भरपाई मिळण्याची सोय आहे. हे पैसे मिळण्यासाठी पुरावा लागतो : मुलाची नोंदणी, तारीख, हंगाम. इंग्लंडमध्ये पेनंटच्या प्रत्येक हंगामाची नोंद सापडते. आपल्याकडे गावातल्या क्लबात कोण कधी खेळला याची वही नसते. जिल्ह्यात फुटबॉलचा संघ असेल तर तो आधी संघटनेकडे नोंदवा, आणि बारा वर्षांचं पोर मैदानात आलं की त्याचा जन्मदाखला बघून त्याचं नाव महासंघाच्या नोंदणीत घाला, दर वर्षी घाला. पोर पुढे पुण्याला जाईल, गोव्याला जाईल, कोलकात्याला जाईल. तिथले क्लब राहतील की नाही, हे आपल्या हातात नाही. त्याच्या नोंदीतला पहिला क्लब तुमचा असेल, आणि तो बंद पडू द्यायचा की नाही, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.